अभिजात शिल्प-चित्रांतील कुलधर्म कसा पाहावा

ग्रीक-रोमन विषयांवरील कलाकृतींत कुटुंबाविषयीचे कर्तव्य चेहऱ्यांपेक्षा हातांत अधिक स्पष्ट दिसते. म्हणून कोणी काय धरले आहे आणि कोणाचे हात रिकामे आहेत, हे आधी पाहावे. सरावासाठी रोमच्या बोर्गेसे संग्रहालयातील, इटालियन शिल्पकार बेर्नीनीचे ईनिअस व त्याच्या कुटुंबाचे १६१८-१९ मधील संगमरवरी शिल्प घ्यावे. पुण्यात बसून ते छायाचित्रांतच पाहावे लागते, तेव्हा निरनिराळ्या बाजूंनी घेतलेली छायाचित्रे जवळ ठेवावीत.

ईनिअस हा रोमनांच्या दंतकथेतील मूळपुरुष. ग्रीकांनी जिंकलेल्या, जळत्या ट्रॉय नगरीतून निघालेल्या या ईनिअसने वृद्ध वडिलांना खांद्यावर घेतले आहे, वडिलांच्या हातात घरचे देव आहेत आणि सोबतच्या लहानग्या मुलाकडे कुळाचा अग्नी आहे. देव वडिलांकडेच का? रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात ईनिअस सांगतो, की लढाईतून आलेल्या आपल्या हातांनी, ते वाहत्या पाण्यात धुतल्याखेरीज, देवांना शिवणे योग्य नव्हे. सोवळे-ओवळे पाहिलेल्या पुणेकराला यावर टीप लागू नये. आणि पेठेतला वाडा पुनर्विकासाला देताना देवघरातले टाक कोणत्या भावाकडे जायचे, यावर ज्या घरांत बैठका झाल्या असतील, त्यांना तर वारसा म्हणजे उचलून न्यायची वस्तू हे मुळीच नवे नाही.

येथे श्रावणबाळ चटकन आठवतो, पण ती तुलना जपून करावी. श्रावणाची कावड तीर्थयात्रेला निघाली होती आणि त्याच्या मृत्यूबरोबर ते घरच संपले. ईनिअसच्या कथेत मात्र वडिलांइतकाच मुलगा महत्त्वाचा, कारण त्याच्यातूनच पुढचा रोमन वंश सांगितला जातो.

त्यानंतर कोण नाही ते शोधावे. ईनिअसची पत्नी क्रेउसा त्या पळापळीत मागे राहिली, आणि शिल्पात आजोबा, बाप व मुलगा एवढेच आहेत. वंशाची ही कल्पना किती पुरुषी आहे, हे या गैरहजेरीइतके दुसरे काहीच दाखवत नाही.

हीच दृष्टी फ्रेंच चित्रकार दाव्हीदच्या ‘होरेशिअस बंधूंची शपथ’ (१७८४) या पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातील चित्राला लावावी. रोमसाठी शत्रुकुळातील तीन भावांशी लढायला निघालेल्या तीन रोमन भावांची ही शपथ. तलवारी धरलेल्या पित्याकडे तिन्ही मुलांचे हात ताठ पसरले आहेत, तर उजवीकडच्या स्त्रियांचे हात गळून पडले आहेत. त्यांतली एक शत्रुकुळात जन्मलेली सून, दुसरी त्याच कुळात वाग्दत्त झालेली मुलगी, म्हणजे कोणीही जिंकले तरी त्यांच्या वाट्याला सुतकच. यानंतर त्याच चित्रकाराचे १७८९ चे ब्रूटसचे (सीझरला मारणारा नव्हे, रोमन प्रजासत्ताकाचा संस्थापक) चित्र पाहावे: स्वतःच्या मुलांना देहदंड देणारा बाप तेथे सावलीत बसला आहे आणि उजेड आक्रोश करणाऱ्या स्त्रियांवर आहे.