कागदावर गोधडीचे ब्लॉक शिवताना : या चुका टाळा

“एवढं कागदावर शिवाचं अन् मंग कागद फाडाचा, तं कागद घेतला कायले?” यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या बचत गटात पेपर पीसिंगचा, म्हणजे कागदावर कापडाचे तुकडे शिवून जोडण्याच्या पद्धतीचा, पहिला ब्लॉक (गोधडीचा एक चौकोन) दाखवला, तेव्हा एका आजींनी विचारलेला हा प्रश्न मला आजही नेमका वाटतो, कारण नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका कागद कशासाठी आहे हे न उमगल्यामुळेच होतात. या पद्धतीत नमुना कागदावर छापलेला असतो, प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला ठेवले जाते आणि टीप मात्र छापील बाजूने, रेघेवरून मारली जाते. तुकडा कात्रीने थोडा वाकडा कापला गेला तरी बिघडत नाही. टीप रेघेवर असली की टोकाला टोक मिळते. आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बायकांचा हात अंदाजावर चालतो आणि तो अंदाज उत्तमच असतो, परंतु येथे त्याला कापडाच्या मापापुरतीच मोकळीक आहे. टीप कोठे पडावी हे कागद ठरवतो.

झेरॉक्सच्या दुकानात होणारी चूक

पहिली चूक सुईत दोरा ओवण्याआधीच होते. नमुना मोबाइलवर उतरवून घेऊन आपण तालुक्याच्या दुकानात जातो, तेथील मुलगा “काकू, पानावर बरोबर बसवून देतो” म्हणतो आणि आपण बरे म्हणतो. हे बसवून देणेच घातक असते. अमेरिकेत तयार झालेले नमुने बहुधा साडेआठ बाय अकरा इंचांच्या लेटर कागदासाठी आखलेले असतात, तर आपला ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा, म्हणजे रुंदीला सहा मिलिमीटरने कमी असतो. नमुना या रुंदीत बसवला की तो साधारण ९७ टक्क्यांवर येतो, आणि प्रिंटरने कडेची जागा सोडली तर आणखी खाली. सहा इंचांचा ब्लॉक ५.८ इंचांचा झाला तर डोळ्यांना कळत नाही, मात्र असे सहा ब्लॉक एका ओळीत जोडले की ३६ इंचांची ओळ सुमारे एक इंच आखूड भरते आणि मापाने कापून ठेवलेली किनारपट्टी लांब पडते. माझ्या पहिल्या पाळण्याच्या गोधडीचे असेच झाले होते, आणि दोष किनारपट्टीचा समजून मी ती दोनदा उसवली.

म्हणून छपाई १०० टक्के मापाने, ‘ॲक्चुअल साइज’ असे निवडूनच करून घ्यावी. बहुतेक नमुन्यांवर एक इंचाचा चौकोन तपासणीसाठी दिलेला असतो. दुकान सोडण्यापूर्वी तो पट्टीने मोजावा, मोजपट्टीच्या टेपने नव्हे, कारण जुनी टेप ताणलेली असते. जेवढे ब्लॉक करायचे तेवढ्या प्रती एकाच वेळी मूळ फाइलवरून काढाव्यात. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेल्यास मापात थोडी थोडी तफावत पडत जाते.

कागद साधा, ७० ते ७५ जीएसएमचा पुरतो. त्याहून जाड कागद फाडताना टाके ओढले जातात. छापील वर्तमानपत्र वापरू नये, शाई कापडाला लागते. पावसाळ्यात छापलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. सर्दावलेला कागद मऊ पडतो आणि इस्त्रीखाली गोळा होतो.

भिंतीकडे तोंड केलेला बैल

कापड कोऱ्या बाजूला आणि टीप छापील बाजूला, याचा सरळ परिणाम असा की तयार ब्लॉक छापील चित्राच्या उलट, आरशात दिसावा तसा येतो. चौकोन, चांदणी अशा दोन्ही बाजूंनी सारख्या आकृत्यांत हे जाणवत नाही. मी मात्र तान्ह्या पोळ्याच्या वेळी लाकडी बैलाचा ब्लॉक स्वतः आखला होता, दाराच्या उजव्या बाजूला लावण्यासाठी आणि दाराकडे पाहणारा. तो शिवून झाला तेव्हा बैलाचे तोंड भिंतीकडे होते. शेवटी तो दाराच्या डाव्या बाजूला लावला आणि पाहुण्यांना ते कळलेही नाही. परंतु अक्षरे किंवा आकडे असते तर ही सोय नव्हती. स्वतः नमुना आखणाऱ्यांनी तो खिडकीच्या काचेवर उलटा धरून मागच्या बाजूने गिरवून घ्यावा. एकच चित्र ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन भागांत असेल, तर दोन्ही भाग एकाच बाजूने गिरवले आहेत ना, हे आवर्जून पाहावे, कारण एक सुलटा आणि एक उलटा आला की ते भाग एकमेकांना जुळतच नाहीत.

तुकडा अपुरा पडणे

सर्वांत जास्त कापड, वेळ आणि धीर या एका चुकीत वाया जातो. तुकडा जागेवर ठेवला तेव्हा पुरेसा दिसतो, टीप मारली जाते, आणि उलटवून पाहिल्यावर कोपऱ्यात कागद उघडा पडलेला असतो. कारण सोपे आहे, पण हातात बसायला वेळ लागतो : आपण तुकडा ज्या जागेवर ठेवतो ती त्याची जागा नसते. तो शेजारच्या तुकड्यावर पालथा ठेवून शिवला जातो आणि नंतर रेघेवरून पलीकडे उलटतो. रेघ तिरपी असेल तर उलटताना त्याची दिशा बदलते. ठेवताना ब्लॉकच्या कडेला समांतर दिसणारी बाजू उलटल्यावर भलतीकडे वळलेली असते. लांब आणि निमुळत्या त्रिकोणात हे हमखास घडते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे घडी घालून आधी कापणे, आणि त्यासाठी परदेशी पट्टी विकत घेण्याची गरज नाही; जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद आणि शाळेची पट्टी पुरते. पहिला तुकडा कोऱ्या बाजूवर, उलटी बाजू कागदाकडे आणि सुलटी बाजू आपल्याकडे ठेवून टाचणीने बसवावा. मग छापील बाजू वर घेऊन १ आणि २ यांच्यामधल्या रेघेवर लग्नपत्रिकेची सरळ कड ठेवावी आणि २ या क्रमांकाकडचा कागद त्या कडेवर मागे दुमडावा. पहिल्या तुकड्याचे कापड आता घडीबाहेर डोकावते. घडीपासून पाव इंच, म्हणजे शिंप्याच्या भाषेत दोन सूत माया (टिपेबाहेर ठेवायचे जादा कापड) सोडून ते पट्टीने आखून कापावे. कागद उलगडला की कोऱ्या बाजूला कापडाची एक सरळ कड तयार झालेली असते, आणि दुसरा तुकडा सुलट्याला सुलटी लावून नेमका त्याच कडेशी जुळवायचा असतो. अंदाज करण्यासारखे काही उरत नाही.

तरीही शंका वाटली तर टीप मारण्याऐवजी रेघेवर दोन टाचण्या लावाव्यात, तुकडा उलटवावा आणि ब्लॉक दारातल्या उन्हाकडे धरावा. त्या क्रमांकाच्या सर्व रेघांच्या बाहेर चहूबाजूंनी निदान दोन सूत कापड दिसले तरच मशीनखाली घ्यावे. चौकोनी तुकडे लागणाऱ्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला अर्धा इंच मोठे कापले की बहुतेक वेळा पुरतात. तिरप्या तुकड्यांना त्याहून सढळ हात लागतो. जुन्या लुगड्याच्या चिंध्या वाचवण्याची आपली सवय येथे थोडी बाजूला ठेवावी लागते. मलाही ती ठेवता येत नव्हती, आणि पाव वीत कापड वाचवताना अख्खा ब्लॉक उसवावा लागला.

तुकडे कापताना धाग्याची दिशाही पाहावी. ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला उरेब, म्हणजे धाग्याला तिरपे कापलेले, कापड आले तर ती कड ओढली जाते आणि ब्लॉक पतंगासारखा ताणतो. उदाहरणार्थ, चार बाय दोन इंचांच्या ‘उडत्या हंसां’च्या ब्लॉकमध्ये मधल्या त्रिकोणासाठी पाच बाय तीन इंचांचा सरळ तुकडा घ्यावा आणि बाजूच्या दोन त्रिकोणांसाठी साडेतीन इंचांचा चौरस कर्णावर कापावा. त्यामुळे उरेब बाजू आत, टिपेवर जाते, जेथे कागद तिला धरून ठेवतो, आणि उभा-आडवा धागा बाहेरच्या कडेला राहतो.

टाका, सुई आणि जुने मशीन

कागद सहज फाटावा म्हणून टाका नेहमीपेक्षा लहान, साधारण दीड मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला १७ ते १८ टाके असा ठेवावा लागतो. येथे पायाने चालणाऱ्या काळ्या मशीनवाल्यांचा एक घोटाळा होतो. नव्या मशीनवरचा आकडा टाक्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो, तर अनेक जुन्या मशीनच्या खटक्यावर इंचाला किती टाके पडतील ते लिहिलेले असते, म्हणजे आकडा वाढला की टाका लहान होतो. पुसटलेल्या आकड्यांवर विसंबण्यापेक्षा चिंधीवर टीप मारून एका इंचातले टाके मोजावेत. फार लहान टाकाही बरा नव्हे; कागद शिवतानाच टिपेवर फाटतो, आणि चुकलेली टीप उसवणे म्हणजे शिक्षा होते.

सुई १४ नंबरची लावावी. टीप रेघेच्या दोन-तीन टाके आधी सुरू करून तेवढीच पुढे न्यावी. उलट टाका घेण्याची गरज नसते, कारण पुढची टीप तिला अडवते. रेघ दिसत नाही म्हणून संध्याकाळच्या मंद दिव्यात शिवू नये, आणि भारनियमनाच्या गावात तर हे काम सकाळचेच.

उसवताना कागद टिपेवर फाटला, तर छापील बाजूने पातळ कागदाची पट्टी गोंदाने चिकटवावी. सेलोटेप लावल्यास ती इस्त्रीखाली वितळते.

कापड आणि इस्त्री

शिंप्याकडून आणलेल्या चिंध्यांत सुती, टेरिकॉट आणि निव्वळ पॉलिएस्टर असे सगळे एकत्र असते. पॉलिएस्टर घडी धरत नाही आणि सुती कापडाच्या गरमीत आकसते, त्यामुळे तुकडा रेघेवर नीट उलटतच नाही. शंका असेल तर चिंधीचा एक धागा जाळून पाहावा : सुताची राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. हातमागाची खादी सुंदर दिसते, पण तिचे धागे सुटतात आणि ती आटते. ती आधी धुऊन, वाळवून घ्यावी आणि माया दोन सुतांऐवजी तीन सूत ठेवावी. गडद कापडाशेजारी पांढरे किंवा फिके कापड असेल, तर गडद कापडाची माया फिक्याच्या मायेपेक्षा किंचित कमी कापावी. नाहीतर तिची सावली वरून दिसते.

प्रत्येक टिपेनंतर तुकडा उलटवून आधी नखाने आणि मग इस्त्रीने दाबावा. हे टाळून चार-पाच तुकडे एकदम दाबण्याचा मोह होतो, पण टिपेशी राहिलेली बारीकशी चुणी पुढच्या तुकड्याखाली कायमची शिवली जाते. इस्त्री कोरडीच हवी. कपड्यांवर पाणी शिंपडून इस्त्री करण्याची सवय येथे नडते, कारण ओल्या कागदाला सुरकुत्या पडतात आणि इंकजेटची शाई पसरते. लेझर छपाईची काळी पूड गरम इस्त्रीला आणि खालच्या चादरीला चिकटू शकते, म्हणून छापील बाजूखाली जुने धोतर अंथरावे. कोळशाची इस्त्री असेल तर राख झटकून मगच हाती घ्यावी.

कागद काढण्याची घाई

ब्लॉक पूर्ण झाला की कागद फाडून समोरची बाजू पाहण्याची इच्छा अनावर होते. तरीही कागद ब्लॉक एकमेकांना जोडले जाईपर्यंत ठेवावा, कारण कडेचे उरेब तुकडे तोवर त्याच्याच आधाराने आकारात राहतात. ब्लॉक कापताना बाहेरची तुटक रेघ धरावी. अनेक जणी आतल्या सलग रेघेवर कापतात, आणि जोडण्यासाठी माया उरतच नाही. ही चूक दुरुस्त होत नाही, तो ब्लॉक लहान म्हणूनच दुसरीकडे वापरावा लागतो. दोन ब्लॉक जोडताना एका कागदावरच्या कोपऱ्यातून टाचणी उभी खुपसून दुसऱ्याच्या कोपऱ्यातूनच बाहेर काढावी आणि ती तशीच उभी ठेवून शेजारी दुसरी टाचणी आडवी लावावी. नुसत्या कडा जुळवल्या तर टोके हमखास हलतात.

जोडून झाल्यावर कागद शेवटच्या क्रमांकापासून पहिल्याकडे काढत यावे. आधी टिपेवर घडी घालून ती नखाने दाबावी, डाव्या अंगठ्याने टाके धरावेत आणि कागद ओढण्याऐवजी टिपेच्या बाजूने, पानातून पान सोडवावे तसा फाडावा. कोपऱ्यात अडकलेले कपटे चिमट्याने निघतात. त्यानंतर बॉबिनची पेटी उघडून आत साचलेला कागदाचा भुसा ब्रशने काढावा, तेलाचा एक थेंब सोडून मशीन चिंधीवर चालवावे आणि सुई बदलावी. कागदावर बोथट झालेली सुई दुसऱ्या दिवशी ब्लाउजच्या मऊ कापडात घातली की धागे ओढते. आमच्या गटात अशा सुया एका वेगळ्या डबीत, ‘कागदाच्या’ म्हणून ठेवलेल्या असतात आणि पुढच्या ब्लॉकला त्याच चालवल्या जातात.