चापाची कडी जोडताना

गेल्या पावसाळ्यात राधानगरीकडचे एक क्रीडाशिक्षक जुनी एअर रायफल गोणपाटात गुंडाळून माझ्या दुकानात आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी आर्गन वेल्डिंग करतो, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशाखाली विजेच्या ठिणगीनं, आर्कनं, धातू जोडतो. २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ५० मीटर रायफलचं कांस्यपदक आणलं, तेव्हापासून त्या भागातली पोरं नेमबाजी शिकवा म्हणून गुरुजींच्या मागे लागलेली. त्यांच्याकडे ही एकच रायफल, नळी मोडून, म्हणजे सांध्यातून खाली वाकवून, ४.५ मिमीचा छर्रा भरायची. चापाभोवतीची कडी, म्हणजे ट्रिगर गार्ड, पुढच्या स्क्रूच्या भोकातून तुटली होती.

असलं काम हातात आलं की आधी एक ठरवा: तुटलेल्या भागावर जोर येतो का? कडी फक्त बोटाला आणि चापाला आडोसा देते, म्हणून ती जोडता येते. नळी, हवेचा सिलिंडर, स्प्रिंग आणि चापाच्या आतले अडकणारे दात यांना वेल्डिंगचा टॉर्च लावायचा नाही. दातांना कडक करायला दिलेलं पाणी उष्णतेनं उतरतं, आणि रायफल कधी आपोआप सुटेल याचा भरवसा राहत नाही. दारूगोळ्याच्या बंदुकीचं कुठलंच काम मी घेत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं त्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवानाधारक कारागिराकडेच न्या.

नळी मोडून आत छर्रा नाही ना, स्प्रिंग ताणलेली नाही ना, हे बघा आणि कडी सोडवून बाजूला काढा. रायफलवर असताना वेल्डिंग कधीच नको. आतलं तेल पेटतं, आणि अर्थचा करंट स्प्रिंगमधून गेला तर तीही वाया जाते.

तुटलेलं तोंड उजेडात धरा. या कडीचं अर्धं तोंड तेल मुरून काळं पडलेलं होतं आणि अर्धं ताजं करडं. म्हणजे तडा फार जुना, शेवटचा धक्का तेवढा नवा. अशा वेळी काळा भाग पूर्ण जाईपर्यंत कानशीनं घासा, नाहीतर वेल्डिंगमध्ये बुडबुडे येतात. चुंबकही लावून बघा. चिकटला नाही तर कडी जस्ताची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असते. जस्ताची असेल तर नवी करून घ्या. ही कडी स्टीलची होती. धुण्यासाठी अ‍ॅसिटोन वापरा आणि पूर्ण उडू द्या. क्लोरीनचा ब्रेक क्लीनर अजिबात नको, आर्कखाली त्याचा विषारी वायू होतो.

खरं काम इथून पुढं आहे, ते भोकाचं. पूर्वी एकदा मी नुसत्या नजरेनं टाका, म्हणजे तुकडे जागेवर धरणारा छोटा जोड, मारला होता. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं, स्क्रू बसेना, सगळं कापून पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून लाकडी दस्त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासतो. दोन्ही भोकं कागदावर छान उमटतात. त्या अंतरानं जाड पट्टीवर दोन बोल्ट बसवायचे आणि तुटके तुकडे त्यावर आवळायचे. पुढच्या भोकात बोल्टऐवजी तांब्याची खुंटी तासून घालायची. स्टील तांब्याला धरत नाही, त्यामुळे भोकाच्या कडेपर्यंत बिनधास्त भरता येतं आणि नंतर खुंटी ठोकून काढता येते.

कडीची पट्टी २ मिमी जाड होती. दोन्ही तोंडांना वरून तिरका उतार देऊन खाच केली. मशीन डीसीवर, टॉर्च निगेटिव्हला, टॉर्चमधली टंगस्टनची कांडी १.६ मिमीची, जोडात भरायची तार (फिलर) ईआर७०एस-२, आर्गन मिनिटाला ७-८ लिटर. ६० अँपियरनं सुरू केलं आणि पट्टी तापली तसं ५० वर आणलं. आधी दोन्ही कडांना टाके मारले, मग थोडं थोडं भरत, मध्ये थांबत गेलो. उलट बाजूनंही एक बारीक पदर दिला. पाण्यात बुडवू नका, हवेतच गार होऊ द्या. त्या दहा मिनिटांत घाई करावीशी वाटते, पण करू नये.

उंचवटा ग्राइंडरनं फार खाऊ नका, शेवटचा हात कानशीचाच. भोकाच्या बाजूला धातू मुळातच कमी होता, म्हणून मी तिथं आतल्या अंगाला किंचित जाडी ठेवली. बाहेरून दिसत नाही. नंतर थंड ब्लूइंग, म्हणजे स्टीलला न तापवता काळसर रंग देणारं रसायन, लावलं, तेलाचा हात फिरवला. जुन्या काळसर रंगाशी ते तंतोतंत जुळत नाही, जोड जरा निळसर दिसतो.

कडी बसवून दोन्ही स्क्रू आधी बोटानं फिरवा. बोटानंच शेवटपर्यंत गेले तर भोकं बरोबर आहेत. मग रिकाम्या रायफलमध्ये चाप पूर्ण मागं येताना कडीला कुठं घासत नाही ना, ते कागदाची घडी मधे सरकवून तपासा. आमची घडी मोकळी फिरली, तेव्हाच गुरुजींच्या हातात रायफल दिली.