वीज दरवाढीवर हरकत कशी घ्यावी: इंदूरच्या ग्राहकासाठी

बिल आलं की आपण दोन दिवस कुरकुरतो आणि तिसऱ्या दिवशी भरून टाकतो. दर मात्र त्याआधीच भोपाळच्या विद्युत नियामक आयोगात ठरलेला असतो. २००३ च्या वीज कायद्याच्या ६४ व्या कलमानुसार दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेणं आयोगाला भाग आहे. बोलायचं असेल तर तेव्हाच.

आधी बिल उलटंसुलटं करून बघा. ऊर्जा प्रभार (वापरलेल्या युनिटचे पैसे) आणि नियत प्रभार (जोडणीचा ठरावीक आकार) आयोग ठरवतो, विद्युत शुल्क राज्य सरकारचं. इंधन आणि वीजखरेदीच्या समायोजनाचा अधिभार दर महिन्याला वरखाली होतो. शंभर रुपयांत शंभर युनिटची सवलत हे सरकारी अनुदान. महिन्याचा वापर १५० युनिटच्या वर गेला की ती जाते. मीटर पळतोय किंवा रीडिंग चुकलंय, तर या लेखाचा उपयोग नाही. त्यासाठी आधी झोन कार्यालयात लेखी तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि शेवटी विद्युत लोकपाल.

दर १ एप्रिलपासून बदलतात. म्हणून हिवाळ्यात, साधारण डिसेंबर-जानेवारीत, पेपरमधल्या जाहीर सूचनांवर नजर ठेवा. बारीक अक्षरातल्या त्या चौकटी आपण सहसा भेळेच्या पुडीवरच वाचतो! हरकतीची शेवटची तारीख आणि पाठवायची पद्धत तिथेच असते. दर ठरवून मागण्याची ही याचिका राज्यासाठी वीज खरेदी करणारी जबलपूरची सरकारी पॉवर मॅनेजमेंट कंपनी आणि राज्यातल्या तिन्ही वितरण कंपन्या मिळून करतात. आपली म्हणजे पोलोग्राउंडवरची पश्चिम क्षेत्र कंपनी.

याचिकेचं बाड बघून घाबरू नका. वीजखरेदीचा तक्ता उघडा, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो. कोणत्या केंद्राची वीज किती रुपयांना घेतली, ते त्यात दिसतं. पुढे नवे खर्चही, जसा धुरातला कार्बन पकडण्याचा, याच वाटेनं येऊ शकतात. सिंगरौलीजवळच्या एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीच्या विंध्याचल केंद्रात २०२२ पासून धुरातला कार्बन डायऑक्साइड रोज २० टन पकडू शकणारा छोटा संयंत्र आहे. तो वायू जमिनीत पुरायचा नसून त्यापासून मिथेनॉल करायचं आहे. जमिनीत पुरण्यासाठी काळा बसाल्ट दगड उपयोगी ठरू शकतो, हे आइसलँडमधल्या प्रयोगानं दाखवलंय. आणि आपलं माळव्याचं पठार त्याच दगडाचं. उद्या कुणी मोठा प्रकल्प आणला, तर पहिला प्रश्न विचारायचा: चालू होण्याआधीच पैसे ग्राहकाकडून घेणार का?

प्रश्न हवेतला नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात केम्पर इथे कोळशातून कार्बन वेगळा काढणारं वीजकेंद्र उभं राहत होतं. ते पुरं होण्याआधीच, २०१३ मध्ये, तिथल्या आयोगानं दरवाढ दिली. एका ग्राहकानं दाद मागितली, आणि २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं पैसे परत करायला लावले. खर्च पुढे साडेसात अब्ज डॉलरच्या घरात गेला, आणि २०१७ मध्ये कोळशाचा नाद सोडून ते केंद्र नैसर्गिक वायूवरच चालवायचं ठरलं.

आता हरकत लिहा, हिंदीतून. (मराठीतून लिहिण्याचा मोह मलाही होतो, पण मग ती वाचणार कोण?) नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, याचिकेचा क्रमांक. मग मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे याचिकेतलं पान. ‘महागाई फार झाली’ असं लिहू नका, त्याला उत्तर द्यायची कुणाला गरजच पडत नाही. ‘या पानावर वितरण गळती (वाटेत वाया जाणारी वीज) इतकी धरली आहे, गेल्या आदेशात इतकी मंजूर होती, फरक आम्ही का भरायचा?’ असं लिहिलं की कंपनीला बोलावंच लागतं. दोन-तीन मुद्दे पुरे. प्रत्यक्ष बोलायचं असल्यास तसं अर्जातच नमूद करा, आणि सुनावणीत तीन मिनिटांत आटपा.

आदेश आला की आपल्या मुद्द्याचं काय झालं ते त्यात शोधा. आदेश पटला नाही तर दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणात ४५ दिवसांत अपील करता येतं. तिथे वकील लागेल, तेव्हा कॉलनीतल्या चार घरांशी आधी बोलून ठेवा.