लोणारला उतरण्याआधी

गडावर जाताना आपण पहाटेच्या गारव्यात चढतो आणि ऊन तापल्यावर उतरतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला, जिथे उल्केच्या आघाताने पडलेल्या विवराच्या तळाशी तळं आहे, हे बरोबर उलटं आहे. ताजेतवाने असताना उतार, आणि पाणी संपत आलेलं, डोक्यावर ऊन अशा वेळी चढ. विवराची खोली सुमारे १३७ मीटर, पाण्याच्या कडेने फेरी चारेक किलोमीटरची. त्यामुळे ‘एवढंसं तर आहे’ म्हणून लोक साध्या चपलांवर, हातात एक बाटली घेऊन खाली जातात. मीही पहिल्यांदा एप्रिलमध्ये तसाच गेलो होतो. वर येताना सोबतच्या मित्राला घेरी आली, अर्धा तास त्याला सावलीत निजवून बसावं लागलं. तेव्हापासून लोणारची तयारी मी शेवटाकडून सुरू करतो. वर यायची वेळ आधी ठरवायची, बाकीचं सगळं तिच्यावरून.

ती वेळ म्हणजे सकाळचे साडेदहा, फार तर अकरा. विवर म्हणजे कढईच. चहूबाजूंच्या कडांमुळे खाली वारा पोचत नाही आणि दुपारी गदमदतं. मग उजाडता उजाडता उतरायला हवं, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम लोणारातच हवा. समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरून येणं आता सोपं झालंय, पण पहाटे दोनला निघून, झोपमोड करून उतरू नका. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात विवर हिरवंगार दिसतं, पण पायऱ्या आणि दगड शेवाळतात आणि पाणी वाढलं की काठाची वाट बुडते. म्हणून पूर्ण फेरी होईलच असं धरून चालू नका. हे अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर आहे. आज कुठून उतरू देतात, वाट कुठपर्यंत मोकळी आहे हे आदल्या संध्याकाळीच वनखात्याच्या माणसांना विचारा आणि स्थानिक वाटाड्या ठरवून टाका. एकट्याने जायचं नाही. मुक्कामाच्या ठिकाणी ‘अकरापर्यंत परत येतो’ असं सांगून ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर. तळ्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. आत झरे येतात, बाहेर जायला वाट नाही, उरतं ते बाष्पीभवन, म्हणून क्षार साठत गेले. ते तोंडात जाऊ देऊ नका. वर विवराच्या कडेवर ‘धार’ नावाची जागा आहे, तिथे गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडतं, पण तिथे लोक आंघोळी करतात, त्याच्या भरवशावर बाटली रिकामी ठेवू नका. तीनपैकी एक लिटर वेगळ्या बाटलीत, लिंबू-मीठ-साखर घालून, आणि ती बाटली चढाला लागेपर्यंत उघडायची नाही. हा नियम मी घरच्यांनाही मोडू देत नाही.

खाणं थोडं आणि कोरडं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. पिशवी हातात नको, सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये, कारण वानरं दिसलेली पिशवी सोडत नाहीत. बूट घोट्यापर्यंतचे, तळ खरबरीत. काठाचा चिखल वरून सुकलेला, पापुद्रा धरलेला दिसतो, पाय टाकला की आत काळा आणि घाण वास मारणारा. वाटाड्या जिथे पाय ठेवील तिथेच ठेवा. बाभळीमुळे पूर्ण बाह्या, लांब पँट, आणि काटा काढायला चिमटा. देवळांच्या परिसरात मधमाश्यांची पोळी असू शकतात, म्हणून अत्तर-स्प्रे नको, धूर तर अजिबात नको. कमळजादेवीच्या देवळाखेरीज काठावर जुनी पडकी देवळं बरीच आहेत. आत अंधार आणि वटवाघळं, तेव्हा छोटी बॅटरी हवी. खाली शौचालयाची सोय नाही असं धरूनच निघा.

दुर्बीण असेल तर घ्याच. हिवाळ्यात पाण्यावर टिबुकल्या, काठाला शेकाटे, झाडीत मोर. दगड मात्र एकही उचलायचा नाही. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हापासून झालेल्या काळ्या खडकात, पडलेली विवरं जगात मोजकीच आहेत. लोणारचं वय काही मोजणीत ५० हजार वर्षांच्या आसपास येतं, दगडातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीने साडेपाच लाखांच्या पुढे जातं. हा वाद इथल्या दगडांवरच सुटायचा आहे, ते आपल्या शोकेसमध्ये जायला नकोत.

मुलं बरोबर असतील तर आणखी एक तयारी आदल्या दिवशी घरी करा. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर लावा, सावलीत वाळवा, बोटभर पट्ट्या कापा. एक पट्टी धारेच्या पाण्यात बुडवायची, दुसरी तळ्याच्या. पहिली पिवळीच राहते, दुसरी लालसर होते, कारण अल्कधर्मी पाण्यात हळद लाल पडते. २०२०च्या जूनमध्ये हे तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं होतं. त्यांना मानवणारं हे पाणी खारट तर आहेच, पण अल्कधर्मीही आहे, हे ती लाल पट्टी हातात धरल्यावर मुलांना पटकन कळतं.

वर आलात की जेवण, झोप, आणि दुपार कलल्यावर गावातलं दैत्यसूदन मंदिर, घाई न करता. पट्ट्या तोवर वाळलेल्या असतात. वहीत चिकटवून शेजारी तारीख लिहा. पावसाळ्यानंतर पुन्हा आलात तर रंग ताडून बघता येईल.