पत्र्याच्या गोदामात धावत्या गाडीचे थेट चित्र तुटत असल्यास

जळगावकडच्या एका जिनिंगच्या रिकाम्या गोदामात आम्ही रिमोटची गाडी पळवतो. गाडी उभी असताना तिच्यावरील कॅमेऱ्याचे चित्र स्वच्छ दिसे, परंतु वेग घेताच पडद्यावर पट्टे येत आणि नेमके वळणावरच चित्र जाई. वायफाय कॅमेरा लावून पाहिला, तर त्याचे चित्र उशिरा पोहोचत असे; आणि आधीच्या कॅमेऱ्याच्या ट्रान्समीटरची (चित्र पाठवणाऱ्या यंत्राची) शक्ती वाढवूनही फरक पडला नाही. अगदी वैताग आला होता.

हा ट्रान्समीटर ५.८ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चित्र पाठवतो आणि अशा लहरीची लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर असते. पत्र्यावरून परतलेल्या लहरी थेट लहरीला ठिकठिकाणी खोडून काढतात आणि धावती गाडी क्षणाक्षणाला अशा जागा ओलांडते.

प्रथम वीज बंद करून (अँटेनाविना चालू ठेवलेला ट्रान्समीटर जळू शकतो) दोन्ही टोकांचे सरळ दांडीचे अँटेना काढले व उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे, म्हणजे लहर उजवीकडे फिरत पुढे जाईल असे, बसवले. परावर्तनात लहरीची फिरण्याची दिशा उलटत असल्याने रिसीव्हर (चित्र पकडणारे यंत्र) अशी परतलेली लहर बरीचशी नाकारतो. मात्र दोन्ही अँटेना एकाच हाताचे, म्हणजे एकाच दिशेने फिरणाऱ्या लहरीचे, हवेत. अँटेना जोडायच्या एसएमए आणि आरपी-एसएमए या जोडण्या बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून मधली टाचणी पाहूनच खरेदी करावी. मग ट्रान्समीटरची शक्ती २५ मिलिवॅटवर आणली. त्यानंतर डायव्हर्सिटी रिसीव्हर (दोन अँटेनांपैकी ज्यावर चित्र चांगले येते तो निवडणारा) छातीइतक्या उंच तिवईवर, भिंतीपासून दूर ठेवला. शेवटी कॅमेऱ्याच्या वीजपुरवठ्यात एलसी फिल्टर (विजेतील खरखर गाळणारी कॉइल व कपॅसिटरची जोडी) जोडला, तेव्हा मोटारीमुळे येणारे बारीक पट्टेही गेले. लोखंडी खांबामागे चित्र अजून किंचित थरथरते, पण गाडी हाकायला तेवढे चालते.