हाताने घडवलेल्या मॉडेलवर खरा वाटणारा क्रोम कसा आणावा

लाकडात घडवलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या बंपरला साधा चंदेरी रंग दिला, तर तो राखाडी दिसतो. क्रोमला, म्हणजे बंपरवरच्या चकचकीत धातूच्या मुलाम्याला, स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. तो आरशासारखा समोरचे आकाश आणि खालचा रस्ता परत दाखवतो. साध्या चंदेरी रंगातील धातूचे कण मात्र वेडेवाकडे बसतात आणि प्रकाश विखुरतात. त्यामुळे क्रोमच्या रंगापेक्षा त्याच्याखालचा पृष्ठभाग अधिक महत्त्वाचा असून कामाचा बहुतेक वेळ त्यावरच द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम लाकडाला सँडिंग सीलरचे (लाकूड भरून काढणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन हात देऊन त्याची बारीक छिद्रे बुजवावीत, खड्ड्यांत पुट्टी भरावी आणि ती पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरच्या सँडपेपरने (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक) घासावे. वस्तू थ्रीडी प्रिंटची असेल, तर थरांच्या रेषा याच टप्प्यावर नाहीशा कराव्या लागतात. त्यानंतर प्राइमर सरफेसर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारून ८०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने, म्हणजे ओला वापरता येणाऱ्या सँडपेपरने, पाणी लावून घासावे. प्राइमरच्या एकसारख्या रंगात नजरेतून सुटलेले ओरखडे उठून दिसतात. ते दिसले की कंटाळा न करता पुन्हा पुट्टीकडे वळावे, कारण क्रोम एकही ओरखडा लपवत नाही, उलट तो ठळक करतो.

आता चकचकीत काळ्या रंगाचे पातळ हात द्यावेत. काळाच का, तर क्रोमचा थर इतका विरळ असतो की खालचा रंग त्यातून जाणवतो, आणि काळ्यामुळे प्रतिबिंबाला खोली येते. हा रंग निदान दोन दिवस धूळ नसलेल्या जागी वाळू द्यावा. पावसाळ्यातील दमट दिवशी लॅकर जातीचा (थिनर उडून चटकन वाळणारा) रंग पांढुरका पडतो, म्हणून कोकण-मुंबईकडील वाचकांनी कोरडा दिवस निवडावा. वाळलेल्या काळ्या थरात ट्यूबलाइटची कड सरळ आणि रेखीव दिसली पाहिजे. ती लहरत असेल, तर २००० नंबरच्या कागदाने हलके घासून पॉलिशिंग कंपाउंडने चमक आणावी आणि त्याचा तेलकट अंश साबणाच्या पाण्याने धुऊन काढावा.

ॲल्क्लॅड या ब्रँडसारखा, एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीसाठी) तयार मिळणारा क्रोम रंग १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबाने, धुक्यासारखे अगदी हलके हात देत मारावा. काळा पृष्ठभाग आरशासारखा झाला की तिथेच थांबावे. आणखी एक हात देण्याचा मोह झाल्यास चमक मावळून राखाडीपणा येतो. हे काम करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क लावावा. साधा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही.

वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, द्यावा का, हा खरा पेच आहे. बहुतेक क्लिअर कोट चमक कमी करतात, म्हणून शोभेच्या मॉडेलवर तो देऊ नये आणि जोडणी करताना सुती हातमोजे वापरावेत. रंगमंचावर हाताळायच्या वस्तूला संरक्षण लागतेच, तेव्हा तिथे निवडलेला क्लिअर कोट आधी त्याच पद्धतीने रंगवलेल्या तुकड्यावर पारखून मगच मूळ वस्तूवर मारावा. शेवटी बंपरच्या सांध्यांत आणि बोल्टांभोवती पातळ केलेला काळा ॲक्रिलिक रंग बारीक कुंचल्याने सोडावा.