जुनी तीनचाकी होंडा एटीसी पुन्हा चालती कशी करावी

होंडाने 1970 मध्ये अमेरिकेत यूएस90 नावाची एक अजब गाडी आणली. पुढे एक, मागे दोन अशी फुग्यासारखी जाड चाकं आणि सस्पेन्शन अजिबात नाही. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत, तेव्हा विकायला काहीतरी द्या, अशी तिथल्या डीलर्सची मागणी होती. ओसामु ताकेउची या इंजिनिअरने त्यावर काढलेलं हे उत्तर. पुढे तिचं नाव एटीसी90 (ऑल टेरेन सायकल, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी) झालं आणि तिच्यामागे एटीसीची अख्खी मालिका आली. अपघात वाढले, तसा 1988 मध्ये अमेरिकी ग्राहक सुरक्षा आयोगाशी करार होऊन कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. म्हणजे आज जी गाडी मिळेल ती जुनीच. म्हणूनच तिच्यावर नीट हात फिरवणारी माणसं हवीत असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि गॅरेजात रमणाऱ्या मराठी वाचकांना मी पहिली गाडी म्हणून एटीसी110 सुचवेन. ती 1979 ते 1985 या काळात बनली. तिचं आडवं, 105 सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन होंडाच्या जुन्या कब या छोट्या मोटरसायकलच्याच घराण्यातलं आहे. गावाकडे हिरो होंडा सीडी100 उघडून पाहिली असेल, तर हे इंजिन तुम्हाला परकं वाटणार नाही. क्लचचा लिव्हर नाही, गिअर पायाने टाकायचे, स्टार्ट दोरी ओढून करायचं.

घेताना काय पाहायचं

रंग आणि सीट शेवटी पाहा. आधी मागचं एक चाक दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवा. चाक अॅक्सलवर (मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) हलत असेल तर हबचे (चाक अॅक्सलवर बसवणारा मधला भाग) दाते झिजलेत. चाकासकट अख्खा अॅक्सलच हलत असेल तर बेअरिंग गेलंय. बेअरिंग स्वस्तात मिळतं, अॅक्सल आणि हब मात्र महाग पडतात. मग गाडी आडवी करून चॅसिसच्या वेल्डिंगवर वायर ब्रश मारा आणि तडा शोधा, विशेषतः हँडलच्या मानेजवळ आणि मागच्या बेअरिंगच्या घराजवळ. चॅसिस नंबर खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. कागदपत्रांचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, म्हणून निदान सही केलेली विक्रीची पावती घ्याच.

दोरी ओढताना हाताला दाब लागला पाहिजे. सैल, मोकळी आली तर कॉम्प्रेशन गेलंय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. दोरी हलतच नसेल तर जोर लावू नका. प्लग काढून भोकात थोडं पातळ ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे करा.

आधी इंजिन चालू करा

गाडी पूर्ण सुटी करण्याचा मोह आवरा. इंजिन चालतं का, गिअर पडतात का हे कळल्याशिवाय रंगावर पैसे घालू नयेत.

प्लगला करंट येतो का ते पाहा. सुरुवातीच्या गाड्यांना पॉइंट (ठिणगीसाठी उघड-बंद होणारे संपर्क) होते, नंतरच्यांना सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आलं. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून गॅप लावा. करंट असूनही गाडी चालू होत नसेल तर बहुतेक वेळा दोष कार्बोरेटरचाच असतो. वर्षानुवर्षं आत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर स्लो जेटच्या, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या, सुईएवढ्या भोकात बसतो. कार्बोरेटर सोडण्याआधी हवेचा स्क्रू हलकेच आत फिरवून किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. सगळे रबर काढून मगच बॉडी क्लीनरमध्ये बुडवा. जेट उजेडासमोर धरून पाहा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. अडलं असेल तर मऊ तांब्याच्या तारेची एक बारीक काडी वापरा. स्टीलची सुई घातली की भोक मोठं होतं आणि ते जेट कायमचं वाया जातं.

एक गोष्ट इथेच सांगतो. जपानी गाडीचे चौफुली स्क्रू हे साध्या फिलिप्सचे नसतात. ते जपानी मापाचे, म्हणजे जेआयएसचे असतात. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात घसरतो आणि डोकं खातो. जेआयएसचा एक चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, ही खरेदी आधी करा.

टाकी लोखंडी असेल आणि आत गंज असेल तर पांढरं व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवा, मग खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा आणि लगेच पूर्ण वाळवा. ओली राहिली तर गंज पुन्हा धरतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप, इंजिन थंड असतानाच लावा. फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवा, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) सैल लागतात का ते तपासा. नाही लागले तर एक फेरा पुढे घ्या. गॅप 0.05 मिमी ठेवा. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) किंचित घासत निघालं पाहिजे.

क्लचचं सेटिंग अनेकांना माहीत नसतं आणि गिअर अडकतात म्हणून अख्खं इंजिन खोललं जातं. क्लच कव्हरवरचा लॉकनट सैल करा, मधला स्क्रू घड्याळाच्या दिशेने एक फेरा फिरवा, मग उलटा फिरवत किंचित अडेपर्यंत आणा, तिथून पुन्हा घड्याळाच्या दिशेने एक अष्टमांश फेरा. स्क्रू तसाच धरून लॉकनट आवळा.

ऑइल बदलताना आतली जाळीही काढून धुवा. या इंजिनाला कागदी फिल्टर नसतो, घाण जाळीत आणि क्लचवरच्या रोटरमध्ये साठते.

मागचा अॅक्सल

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. चिखल आणि पाणी ऑइल सीलमधून आत शिरून बेअरिंग आणि ब्रेक दोन्ही खातं. हब दात्यांवर गंजून बसलेला असतो. अॅक्सलच्या टोकावर हातोडी मारलीत तर आटे चेपतील आणि नट कधीच चढणार नाही. गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर ठेवा, हबला गरम करा आणि पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) लावा. परत बसवताना दात्यांना ग्रीस लावा आणि दोन्ही बेअरिंगबरोबर सीलही नवीनच टाका.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. त्या काळच्या ब्रेक शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

टायर

या गाडीला स्प्रिंग नाही, टायर हीच स्प्रिंग. मूळ 22×11-8 टायरांत हवा फक्त 2.2 पीएसआय भरायची असते. पेट्रोल पंपावरच्या मीटरला एवढा कमी दाब नीट दाखवताच येत नाही, म्हणून एटीव्हीसाठीचा (अशा जाड चाकांच्या गाड्यांसाठीचा) कमी दाबाचा गेज घ्या. हवा भरल्यावर मागच्या दोन्ही टायरांचा घेर टेपने मोजा. अॅक्सल अखंड आहे, मधे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, म्हणून घेरात फरक असला की गाडी सतत एका बाजूला ओढते. असं असेल तर मोठ्या घेराच्या टायरची हवा अगदी थोडी कमी करून दोन्ही घेर जुळवा.

बदल कोणते करावेत

तीनचाकीचं दुबळेपण एकच आहे, ती वळणावर कलंडते. म्हणून पहिला पैसा रुंद अॅक्सलवर घाला. चाकामागे स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी जाड चकती) टाकणं स्वस्त पडतं, पण त्याने बेअरिंग आणि हबवर ताण वाढतो, मला ते पटत नाही. चांगले खाचेदार फूटपेग, घट्ट पकडीचे ग्रिप, एलईडी दिवा हे खुशाल करा. दिवा लावण्याआधी गाडीच्या जनरेटरला किती वॅट झेपतात ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. उंची वाढवणारे किट आणि मोठं इंजिन टाळा. जुन्या ड्रम ब्रेकवर दुप्पट ताकद चढवणं म्हणजे स्वतःचं हाड पणाला लावणं आहे.

उन्हाने पांढरे पडलेले मडगार्ड फेकू नका. 400 नंबरच्या पेपरपासून 2000 पर्यंत पाण्यात घासत जा, मग पॉलिश करा. लाल रंग वर येतो. दुमडून पडलेल्या पांढऱ्या रेघांवर हीट गन लांबून, हात हलता ठेवून फिरवा.

पहिली फेरी

हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, मोकळं आणि सपाट मैदान. मागे कुणालाही बसवू नका आणि लहान मुलांच्या हातात गाडी देऊ नका. वळताना अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा आणि भार बाहेरच्या फूटपेगवर द्या, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं आणि गाडी वळते. मोटरसायकलची सवय असलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावं, तोल जातोय असं वाटलं तरी पाय जमिनीवर टेकवायचा नाही. मागचं चाक त्याच पायावर चढतं आणि या गाडीवरच्या कित्येक दुखापती तशाच झाल्या आहेत.

परत आल्यावर अॅक्सलचे नट पुन्हा आवळा, चेनचा सैलपणा पाहा, दोन्ही हबना हात लावून कुठलं जास्त तापलंय का ते तपासा. पहिलं ऑइल थोड्याच तासांनी काढून टाका आणि जाळी पुन्हा एकदा धुवा.